एक दिवसाआड

“एक दिवसाआड घेतली तरी चालते.”

हे वाक्य मी अब्बासभाई परकारांना सांगितलं. ते चुकीचं होतं, आणि सांगतानाच मला तशी शंका होती. मी डॉक्टर नाही. सौदीत खमीस मुशैत शहराच्या बाहेर एका मोठ्या इमारतीचं काम चालू होतं, तिथे मी सेफ्टी ऑफिसर होतो. कधीतरी प्रथमोपचाराचा कोर्स केला होता, त्याचं सर्टिफिकेट ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं होतं, आणि तेवढ्यावर कामगारांच्या कॅम्पमधली माणसं मला अर्धा डॉक्टर समजायची. मला ते आवडायचं. म्हणून अब्बासभाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला.

अब्बासभाई आता नाहीत. मी असं का सांगितलं ते पुढे येईलच, पण आधी त्यांच्याबद्दल लिहायला हवं. नाहीतर या लिखाणात ते फक्त माझ्या चुकीपुरते उरतील, आणि ती आणखी एक चूक होईल.

ते रिगिंगचे फोरमन होते. लोखंडी तुळया, काँक्रीटचे तयार तुकडे, जनरेटर, जे जे क्रेनने वर चढवायचं ते बांधायचं, आणि वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हाताच्या खुणांनी दिशा द्यायची, हे त्यांचं काम. बावीस-तेवीस वर्षं सौदीत काढली होती. गाव दाभोळच्या खाडीजवळचं. उंची बेताची, मान आखूड, दाढीला मेंदी. थंडीत ते दोन स्वेटर एकावर एक घालत आणि वर सेफ्टीचं हिरवं जॅकेट. खमीस डोंगरावर आहे, हिवाळ्यात सकाळी तोंडातून वाफ निघते. गावाकडच्या कुणाला हे पटत नसे. अब्बासभाई फोनवर ओरडून सांगायचे, “अरे वाळवंट कुठलं? महाबळेश्वरात ठेवलंय आम्हाला, फक्त स्ट्रॉबेरी नाय!”

आयुष्यभर खुणा करून करून त्यांचे हात कामावरून सुटल्यावरही थांबत नसत. मेसमध्ये डाळ वाढणाऱ्यापुढे ताट धरून ते दोन बोटांनी ‘हळू, खाली, अजून खाली’ करत आणि पुरे झालं की मूठ आवळत. वाढणारा बांगलादेशी होता, त्याला त्यांची भाषा कळत नसे, पण डाळ कधी कमीजास्त झाली नाही. बायकोशी व्हिडिओ कॉल करताना तर मजाच. झुलेखाभाभींच्या हातातला फोन कधी छपराकडे, कधी चुलीकडे. मग अब्बासभाई अंगठा डावीकडे करून करून तिला चेहऱ्यावर आणायचे. एकदा पलीकडून आवाज आला, “मी काय क्रेन हाय? नीट तोंडानं सांगा की!”

“तोंडानं सांगितलेलं तू कधी ऐकलंस?” अब्बासभाई म्हणाले, आणि खोलीतले सगळे हसले.

आमची खोली एकच. मी चिपळूणचा, म्हणजे त्यांच्या हिशेबाने शेजारचाच. ते मला नावाने हाक मारत नसत. “काय सेफ्टी, जेवलास?” “सेफ्टी, दिवा मालव.” मी हेल्मेटवरून कुणाला बोललो की ते मागून म्हणत, “ऐका रे, सरकारी जावई बोलतोय.” पण स्वतः हेल्मेटचा पट्टा कायम लावलेला.

क्रेनचा ऑपरेटर लालागुल नावाचा पठाण होता. त्याच्याशी अब्बासभाईंचा अबोला. कारण क्रिकेटची एक मॅच, आणि त्यावरून कुणीतरी कुणाच्या तरी वडिलांबद्दल काढलेला एक शब्द. गोष्ट जुनी झाली होती, मॅच कोण जिंकलं तेही कुणाला नीट आठवत नव्हतं, पण अबोला टिकून होता. दिवसभर मात्र हा खालून हात हलवणार आणि तो वरून टनाटनाचं ओझं बोटभर सरकवणार. जेवणाच्या सुट्टीत दोघं दोन टोकांना. मी एकदा विचारलं, “अब्बासभाई, अहो त्याच्या भरवशावर तुम्ही लोखंडाखाली उभे राहता, आणि सलाम करत नाही?”

“काम वेगळं, सलाम वेगळा,” ते म्हणाले. “तो माणूस वाईट हाय. ऑपरेटर चांगला हाय. मी कुणाखाली उभा राहतो? ऑपरेटरखाली.”

एका शुक्रवारी आम्ही काही जण डोंगराच्या कड्यावर फिरायला गेलो. तिथे माकडांचे कळप असतात, मोठे, केसाळ, अंगावर येणारे. अब्बासभाईंनी घावणं आणि मटणाचा डबा आणला होता. एका नराने डबाच उचलला आणि कठड्यावर जाऊन बसला. अब्बासभाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्याला शुद्ध कोकणीत झापू लागले, “लाज नाय वाटत? हाजी माणसाच्या देशात राहतोस आणि चोरी करतोस?” माकडाने घावणं खाल्ली, मटण हुंगलं आणि डबा दरीत टाकला. “बघ,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मटण चालत नाय त्याला. तुझ्यातला असणार.”

त्याच दिवशी परत चढण चढताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ते मधेमधे थांबत आणि काहीतरी दाखवत. “ती बघ मशीद.” “ते बघ, कसला रस्ता काढलाय.” मी बघायचो. नंतर पाहिलं तर एकदा त्यांनी धुक्याकडे बोट केलं होतं, तिथे काहीच दिसत नव्हतं. ते दाखवत होते तेव्हा श्वास घेत होते.

रात्री खोलीत मी त्यांची हाजम्याच्या गोळ्यांची बाटली उचलली. आत हाजम्याचा वास नव्हता. वेगवेगळ्या रंगांच्या, छोट्या, गुळगुळीत गोळ्या होत्या. मी बाटली त्यांच्यापुढे धरली.

“ठेव ती,” ते म्हणाले. मग स्वतःच ती माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, “कुणाला बोललास तर बघ.”

मागच्या सुट्टीत, पुतणीच्या लग्नात, त्यांना अटॅक आला होता. “अटॅक-बिटॅक नाय रे, जरा धक्का बसला.” जरा धक्का म्हणजे मुंबईला नेऊन स्टेंट बसवावा लागला होता. डॉक्टरने बजावलं होतं की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या वर्षभर रोज घ्यायच्या, एक दिवसही चुकवायची नाही, चुकली तर स्टेंटमध्येच गुठळी होईल. साखर आधीपासून होती. सिगारेट सोडली असं ते सांगत, पण बाथरूममध्ये वास यायचा. अटॅकनंतर सुट्टी संपायच्या आत ते परत कामावर हजर झाले होते, आणि कंपनीला काहीही कळवलं नव्हतं.

कळवलं असतं तर काय झालं असतं हे सरळ होतं. क्रेनच्या टोळीत हृदयाचा पेशंट ठेवत नाहीत. अनफिट, मग फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. आणि त्यांना घरी जायचं नव्हतं, निदान त्या हिवाळ्यापर्यंत तरी. इतकी वर्षं सौदीत राहून त्यांनी झुलेखाभाभींना मक्का दाखवली नव्हती, उमऱ्याची छोटी यात्रा घडवली नव्हती. आधी सासू अंथरुणाला खिळलेली, मग मुलींची शिक्षणं, मग लग्नं. आता सगळं मोकळं झालं होतं आणि व्हिजिट व्हिसाचं चालू होतं. व्हिसा त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर मिळणार होता. इकामा संपला की तोही गेला.

“तिला एकदा उमरा करवतो,” ते म्हणाले, “मग कंपनीनं मला पेटीत घालून पाठवलं तरी माझी तक्रार नाय.”

मी सेफ्टी ऑफिसर होतो. ही गोष्ट वर सांगणं माझं काम होतं. मी सांगितली नाही, आणि त्याचं मला अजूनही पूर्ण वाईट वाटत नाही. ज्याचं वाटतं ते पुढचं आहे.

गोळ्या गावाहून येत. आमच्यात जो सुट्टीवर जातो तो येताना सगळ्यांची पार्सलं आणतो, ही रीतच आहे. कुणाचं लोणचं, कुणाचा चष्मा, कुणाच्या मुलाने काढलेलं चित्र. नाही म्हणायची पद्धत नाही, कारण पुढच्या वेळी आपलं पार्सल दुसरा कुणीतरी आणणार असतो. मी सुट्टीवर गेलो तेव्हा झुलेखाभाभी एसटीने चिपळूणला आल्या आणि स्टँडवर मला दोन पुडकी दिली. एकात सोडे, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी, मलमलीत बांधून. दुसऱ्यात गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि डॉक्टरची चिठ्ठी, अब्बासभाईंच्या नावाची.

“सोडे विसरलात तर चालेल, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हे विसरू नका.”

त्याच आठवड्यात कॅम्पच्या ग्रुपवर एक निरोप फिरत होता. कुणीतरी कुठल्यातरी विमानतळावर दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्यांसकट धरला गेला, म्हणे. खरं की खोटं, मी विचारलं नाही. माझा मेहुणा म्हणाला, “दुसऱ्याचं औषध घेऊन सौदीत? दाजी, आत टाकलं तर सोडवायला कोण येणार?” निघायच्या दिवशी पहाटे मी ते पुडकं बॅगेतून काढलं आणि शोकेसच्या खणात ठेवलं. सोडे ठेवले बॅगेत.

कस्टमला माझी बॅग कुणी उघडलीसुद्धा नाही.

खोलीवर पोचलो तेव्हा अब्बासभाई पलंगावरून उठून उभे राहिले. “आणलंस?”

“गोळ्या कस्टमवाल्यानं घेतल्या,” मी म्हणालो. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं.

“आणि सोडे?”

“वास घेतला आणि बाजूला सारले.”

ते हसले. मला वाटलं होतं रागावतील. “बरं हाय, नाक शाबूत हाय त्याचं,” म्हणाले, आणि त्या संध्याकाळी सोड्यांचा भात केला. मीही खाल्ला.

त्यांच्याकडे थोड्या गोळ्या उरल्या होत्या. पुढच्या महिन्यात कॅम्पमधला आणखी एक जण गावी जाऊन येणार होता, तोवर पुरवायच्या होत्या. मी म्हणालो, “खमीसमध्ये खाजगी दवाखान्यात जाऊ, रोख देऊन लिहून घेऊ.” ते म्हणाले, “इकाम्याचा नंबर मागतील. नंबरावर चढलं की कंपनीला दिसलं.” ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. शोधून काढायला हवं होतं.

“मग काय करू, सेफ्टी? तू कोर्स केलाहेस.”

तेव्हा मी ते वाक्य बोललो. वर जोडलं, “रक्त पातळ राहतं तेवढ्यानं.” मी असं बोललो कारण खरं बोललो असतो तर पुडकं कुठे आहे ते सांगावं लागलं असतं. ते मान हलवून म्हणाले, “तू म्हणतोस तर ठीक,” आणि एका गोळीकडे बघून ती परत बाटलीत टाकली.

काही आठवड्यांनी, कडक थंडीच्या सकाळी, ते नाश्त्याला माझ्यासमोर बसले होते. छातीत दुखत नव्हतं. त्यांना फक्त घाम आला होता, स्वेटरची कॉलर ओली झालेली, आणि ते सारखे जांभया देत होते. साखरेच्या माणसाला छातीत न दुखताही अटॅक येतो, हे मी त्या कोर्समध्ये शिकलो होतो.

“हॉस्पिटलला जाऊ,” मी म्हणालो.

“कालची डाळ हाय. दुपारपर्यंत बघू.”

“अब्बासभाई...”

“फाईल उघडेल रे. तिचा व्हिसा येतोय. दुपारपर्यंत.”

मी थांबलो. त्यांच्यासाठी थांबलो असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण हॉस्पिटलात गेलो तर गोळ्यांची चौकशी होणार, हेही माझ्या मनात होतं.

दुपारच्या, जोहरच्या अजानच्या जरा आधी ते पाण्याच्या कूलरपाशी गुडघ्यावर बसले. एक तुळई क्रेनला लटकत होती. ते खाली बसल्यावर त्यांचा एक हात वर होता, मूठ आवळलेली, म्हणजे थांब. लालागुलने तुळई जिथल्या तिथे थांबवली, मग ती रिकाम्या जागेत नीट उतरवली, आणि शिडीवरून इतक्या वेगाने खाली आला की मी सेफ्टीवाला म्हणून ओरडायला हवं होतं. त्याने अब्बासभाईंना उचललं आणि पिकअपमध्ये ठेवलं. वाटभर तो एकच बोलत होता, “उस्ताद, आँखें खोलो. उस्ताद, मेरी तरफ देखो.”

अब्बासभाईंनी डोळे उघडले. “मॅच तुम्हीच हरला होतात,” ते म्हणाले.

हॉस्पिटलात डॉक्टर सुदानी होता, शांत, हळू बोलणारा. मल्याळी सिस्टर त्याचे प्रश्न हिंदीत करून सांगत होती. वय किती? साखर आहे? किती वर्षं? सिगारेट? याआधी अटॅक आला होता? मूत्रपिंडाचा काही त्रास? आज त्रास कधी सुरू झाला? गोळ्या नियमित घेता का?

“रोज घेतो,” अब्बासभाई म्हणाले. ऑक्सिजनच्या मास्कमधूनही मला ऐकू आलं. ते मला वाचवत होते असं मला वाटलं. कदाचित ते फक्त नोकरी वाचवत असतील.

“नाही,” मी म्हणालो. “एक दिवसाआड. आणि त्रास सकाळपासून आहे.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना आत नेलं. संध्याकाळी त्याने मला बाहेर बोलावून समजावलं. अटॅकनंतर माणूस जगतो की जातो हे एका गोष्टीवर ठरत नाही, तो म्हणाला. वाढलेलं वय, साखर, आधीचा अटॅक, मूत्रपिंडं थकलेली असणं, धूम्रपान, फुप्फुसात पाणी साठणं, हे सगळं एकमेकांत मिसळतं. यातलं बरंचसं आपल्या हातात नसतं. “औषध बंद न करणं आणि वेळेवर पोचणं, हे दोन हातात असतात,” तो म्हणाला. तो मला दोष देत नव्हता. नातेवाइकाला सांगतात तसं सांगत होता.

अब्बासभाई त्यातून उठले, पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. जिने बंद, ओझं बंद, काम बंद. फाईल उघडली. फायनल एक्झिट लागला. भाभींचा व्हिसा त्यानंतर आला असता तरी उपयोग नव्हता. कॅम्पमधून निघताना लालागुल त्यांची बॅग घेऊन गाडीपर्यंत आला. दोघांनी सलाम केला. मी पुढे होऊन नुसता हात मिळवला.

खरं बोलायला मला पुढची सुट्टी यावी लागली. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी शोकेसच्या खणातलं पुडकं खिशात घातलं आणि त्यांच्या गावाला गेलो. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झोपेत गेले.

ते पडवीत खुर्चीवर बसले होते. पाय सुजलेले, मेंदी उतरून दाढी पांढरी. बोलताना वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता, आणि आता तो लपवायला ते कशाकडे बोट दाखवत नव्हते. मी पुडकं काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलं असतं.

त्यांनी पुडकं उघडलं नाही. तसंच मांडीवर राहू दिलं.

“भ्यालास, त्याचं काय नाय,” ते म्हणाले. “मीपण भ्यालो होतो. भ्यालो म्हणून सांगितलं असतंस तर मी दुसरं कायतरी केलं असतं.” श्वास घेतला. “पण एक दिवसाआड का बोललास? मी डॉक्टरचं सोडून तुझं ऐकलं.”

 मी म्हणालो, “अब्बासभाई, माफ करा.”

“मला नको बोलू.” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, “माझं जे व्हायचं ते झालं. आत जा. ती रोज पाच वेळा नमाज पढते, आणि पाचही वेळा उठताना त्या कस्टमवाल्याला तळतळाट देते. माझ्या नवऱ्याचं काळीज नेलं, माझा उमरा नेला, तुझं घर उन्हात पडो म्हणते. मी ऐकतो. कोण कुठला बिचारा माणूस, त्यानं तुझी बॅगसुद्धा उघडली नाय. त्याच्या पोराबाळांना का लागावं ते? जा. तिला सांग.”

मी उठलो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. झुलेखाभाभी पाटावर बसून नारळ खवत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हसून म्हणाल्या, “बसा भाऊ, चहा ठेवते. जेवूनच जायचं.”

“भाभी,” मी म्हणालो, “आधी ऐका. कस्टमवाल्यानं काही घेतलं नव्हतं. तुम्ही दिलेल्या गोळ्या माझ्याच घरी होत्या. मी घाबरलो आणि ठेवून आलो. मग खोटं बोललो, आणि ते खोटं झाकायला अब्बासभाईंना एक दिवसाआड घ्यायला सांगितलं. त्या सकाळी दुपारपर्यंत थांबलो तोही मीच. तुम्ही ज्याला शिव्या देता तो माणूस मी आहे. मला माफ करा.”